धाकटीचा नंबर

मोठी जाऊ शाळेत पर्यवेक्षिका होती आणि धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. घर एकच, दोन मजल्यांचं. खाली मोठी आणि तिचा नवरा, त्याला सगळे दादा म्हणायचे. वरच्या दोन खोल्यांत धाकटी, तिचा नवरा आणि त्यांची दीड वर्षांची मुलगी. मुलीला चांगलं नाव होतं, पण उभं राहता यायला लागल्यापासून ती स्वतःभोवती गिरक्या घेऊन धपकन खाली बसायची, म्हणून दादा तिला भिंगरी म्हणू लागले आणि तेच चिकटलं. स्वयंपाकघर खाली, सगळ्यांचं मिळून.

धाकटीच्या नवऱ्याची आई तो शाळेत असतानाच गेली होती. त्याच वर्षी मोठी लग्न होऊन या घरात आली, आणि त्याचे डबे, त्याचा अभ्यास, त्याचे ताप सगळं तिच्याच अंगावर पडलं. तिने ते कुरकुर न करता केलं. त्यामुळे वहिनीचा शब्द तो खाली पडू देत नसे. त्याचं काम इमारतींमध्ये लिफ्ट बसवायचं, निम्मा महिना परगावी जायचा. मोठीला स्वतःचं मूल नव्हतं. तीनदा दिवस राहिले आणि तिन्हीदा गर्भ पडला. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे, मोठी तर कधीच नाही.

भिंगरी वर्षाची झाल्यावर धाकटी कामावर परत गेली आणि त्याच सुमाराला तिचं काहीतरी बिनसलं. सकाळी डोळे उघडायचे, पण अंग उठायचं नाही. दुकानात मागच्या बाजूला काचेच्या कडा घासायचं यंत्र होतं. त्याच्यापुढे ती काच हातात धरून बसायची आणि यंत्र नुसतंच फिरत राहायचं. एकदा तिने एका आजोबांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. आजोबा दुकानाच्या पायरीवरच अडखळले, शेजारच्याने धरलं म्हणून वाचले. मालक ओरडला नाही, झोप होते ना, एवढंच त्याने विचारलं. घरी भिंगरी रडायला लागली की धाकटीला ते रडणं भिंतीपलीकडून, शेजारच्या कुणाच्या तरी घरातून येतंय असं वाटायचं. मग ती दचकून धावायची. कुणाला सांगावं, तर सांगण्यासारखं काय होतं? घरात कुणी गेलं नव्हतं, नवरा पीत नव्हता, पोरगी ठणठणीत होती.

मोठीच्या शाळेत तेव्हा एक दिवसाचं शिबिर झालं. मनाने खचलेलं माणूस कसं ओळखावं, हा विषय. सगळ्या शिक्षकांना एक छापील कागद मिळाला. त्यावर नऊ प्रश्न होते, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे. कशात मन लागत नाही असं झालं का, उदास वाटलं का, झोप कशी, थकवा किती, भूक कशी, आपण वाया गेलो, घरच्यांना निराश केलं असं वाटलं का, लक्ष लागतं का, हालचाल मंदावली का किंवा उगाच तगमग होते का, आणि शेवटचा, यापेक्षा मेलेलं बरं असं मनात आलं का. प्रत्येकापुढे शून्य ते तीन. आपलं आपण भरायचं, आपणच बेरीज करायची. शिकवायला आलेल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं की हा कागद म्हणजे निदान नव्हे. नंबर मोठा आला तर डॉक्टरकडे जायचं, आणि शेवटच्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही आलं तर लगेच जायचं. मोठीने ते नीट ऐकलं. नीट ऐकायची तिला सवयच होती.

त्या रविवारी सकाळचा चहा झाल्यावर तिने कागद धाकटीपुढे ठेवला.

"भर," ती म्हणाली. "खरं खरं लिही. मी आहे ना."

त्या तीन शब्दांनी धाकटीला रडू फुटलं. कितीतरी महिन्यांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तिने सगळं खरं लिहिलं. शेवटच्या प्रश्नापुढे पेन थोडं थांबलं, मग तिथे तिने एक लिहिला. मोठीने लाल पेनाने बेरीज केली. एकोणीस. तिने धाकटीचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. पुढे सगळं होऊन गेल्यावरही धाकटीला हे मान्य करावं लागे की तो हात खरोखरच मायेचा होता.

मग मोठी म्हणाली की आजपासून भिंगरी खाली झोपेल. नंबर उतरेपर्यंत फक्त. धाकटी लगेच हो म्हणाली. तिला सुटल्यासारखंच झालं. त्या आठवड्यात ती दोनदा सलग झोपली.

पुढच्या रविवारी मोठीने दुसरा कागद काढला. तिने शाळेतून गठ्ठाच छापून आणला होता. कागद भरता भरता धाकटीने विचारलं की एखाद्या डॉक्टरला दाखवू का.

मोठीने पेनाचं टोपण लावलं. "डॉक्टर गोळ्या देतील, तू दिवसभर गुंगीत. वर नावावर शिक्का बसेल तो वेगळाच. उद्या कुणी विचारलं, असल्या बाईजवळ मूल कसं ठेवता, तर काय सांगशील?"

असं कुणी विचारू शकेल हे धाकटीच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. एकदा आलं ते मग गेलंच नाही.

नियम ठरला. नंबर पाचाच्या आत आला की भिंगरी वर. दर रविवारी चहानंतर कागद, जेवायच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. दादा वर्तमानपत्र वाचत बसायचे, धाकटीचा नवरा घरी असला तर भिंगरीला मांडीवर घेऊन तोही. मोठी एकेक प्रश्न मोठ्याने वाचायची, म्हणजे धाकटीला घाई होऊ नये. चष्म्याचा नंबर विचारावा इतक्या सहज सगळे विचारू लागले. दादा जिन्यात भेटले की म्हणायचे, काय, उतरतोय का नंबर? त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, त्यांना तापासारखंच काहीतरी वाटायचं. परगावाहून नवऱ्याचा फोन आला की पहिला प्रश्न, किती आला? मग भिंगरी काय करतेय, आणि मग वेळ उरला तर तू जेवलीस का.

सोळा. सतरा. सोळा. पाचाच्या आसपाससुद्धा नाही. धाकटी गणितात कच्ची नव्हती. तिने कमी लिहायला सुरुवात केली. झोपेला एक, भुकेला शून्य, थकव्याला एक.

"झोप, एक," मोठीने वाचलं. "मंगळवारी पहाटे वर फेऱ्या घालत होतीस. खाली ऐकू येतं मला." तिने एकावर काट मारून दोन केले. "भूक, शून्य. काल ताटात अर्धं अन्न तसंच होतं. मीच टाकलं ते." शून्याचेही दोन झाले.

"वहिनी, तिला वाटतं ते तिनेच लिहायचं असतं ना?" नवरा म्हणाला. हे एवढं तो एकदाच म्हणाला.

"अरे, तिला काय वाटतं ते तिचं तिलाच कळत नाही, म्हणून तर आजार म्हणायचं," मोठी शांतपणे म्हणाली. मग धाकटीकडे वळून, "खोटं लिहू नकोस गं. लपवणं हेही त्यातलंच लक्षण असतं."

नवऱ्याने कप उचलला. तो रिकामा होता, तरी त्याने तो तोंडाला लावला.

म्हणजे खरं लिहिलं तर मुलगी मिळत नव्हती, आणि कमी लिहिलं तर ते खोटं म्हणून मिळत नव्हती. हे धाकटीला त्याच दिवशी कळलं, पण कळून उपयोग नव्हता. भांडायला अंगात जोर लागतो, आणि तोच तर गेला होता.

खालच्या खोलीत भिंगरीसाठी कठड्याची छोटी खाट आली. पडदे बदलले. मोठीने शाळेतल्या जादा तासिका सोडल्या, दुपारीच घरी यायला लागली. भिंगरीला शब्द फुटले ते त्याच खोलीत. मोठीला ती मोठी आई म्हणायची, त्यात वावगं काही नव्हतं, पुष्कळ घरांत म्हणतात. मग बोलता बोलता मोठी हा शब्द गळला. नुसतीच आई राहिली. आणि धाकटी जिन्यावरून खाली आली की भिंगरी बोट दाखवून म्हणायची, "वरची आई."

दादा खो खो हसले. मोठीने भिंगरीला दटावलं, असं नाही म्हणायचं बाळा म्हणून, पण दटावताना तिचा हात पोरीच्या केसांतून फिरत होता.

एका दुपारी दुकानातली वीज गेली आणि धाकटी लवकर घरी आली. भिंगरी अंगणात खेळत होती. धाकटीने तिला उचललं आणि काही न बोलता जिना चढायला लागली. चार पायऱ्यांवरच पोरगी धनुष्यासारखी मागे वाकली आणि किंचाळायला लागली. मोठी स्वयंपाकघरातून आली, जिन्याच्या तळाशी उभी राहिली. ती ओरडली नाही, दे इकडे असंही म्हणाली नाही. तिने फक्त दोन्ही हात पुढे केले. भिंगरी धाकटीच्या खांद्यावरून त्या हातांकडे झेपावली. धाकटीला तिला सोडावंच लागलं, नाहीतर पडली असती.

रविवारी, घरच्यांना निराश केलं असं वाटतं का, या प्रश्नाला धाकटीने तीन लिहिले. तेवढा आकडा मोठीने दुरुस्त केला नाही.

पुढच्या आठवड्यात शेवटच्या प्रश्नाचं उत्तर धाकटीच्या मनात एकाच्या पुढे सरकलं. ते आपोआप सरकलं. दुकानातून घरी येताना, भाजी निवडताना, कधीही तो विचार शेजारी येऊन उभा राहायचा, आणि पूर्वीसारखा लगेच निघून जायचा नाही. ती घाबरली. आणि रविवारी मोठीने तो प्रश्न मोठ्याने वाचला तेव्हा तिने शून्य लिहिलं, कारण दुसरं काहीही लिहिलं असतं तर मुलगी कायमची खाली गेली असती. कागद पुढे सरकवताना तिच्या ध्यानात आलं की खरं बोलायला आता या घरात एक खुर्चीसुद्धा शिल्लक नाही.

सोमवारी तिने मालकाकडे अर्धी रजा मागितली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सरकारी इस्पितळात गेली. तिथे ओळखीचं कुणी भेटणार नव्हतं. लांबलचक बाकावर तिच्यासारखीच दहा-बारा माणसं बसली होती. नाव पुकारलं जाण्याआधी एका परिचारिकेने प्रत्येकाच्या हातात कागद आणि पेन दिलं. तेच नऊ प्रश्न. धाकटीने कागद मांडीवर उलटा ठेवला, मग पुन्हा सुलटा केला. तिने सगळीकडे शून्यं लिहिली आणि आत गेली.

डॉक्टरीणबाई तिच्याच वयाच्या होत्या. त्यांचा चष्मा एका बाजूला कललेला होता, उजवी काडी सैल झाली असावी. त्यांनी कागद पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

"सगळं शून्य. मग आलात कशाला?"

धाकटी त्यांच्या चष्म्याच्या सैल काडीकडे बघत राहिली.

"अशी शून्यं मलाही लिहिता येणार नाहीत," बाई म्हणाल्या. "हा कागद कुणी बघणार आहे असं वाटतंय का तुम्हाला?"

"घरी न्यायचाय का?"

"नाही. इथेच राहील. तुम्ही म्हणालात तर फाडूनही टाकू."

धाकटीने दुसरा कागद मागून घेतला. भरायला तिला फार वेळ लागला नाही. शेवटच्या प्रश्नापुढचा आकडा पाहून डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि त्याबद्दल सरळ विचारलं, कधी येतो हा विचार, किती वेळ राहतो, तसं काही करायचं ठरवलंय का. एवढं सरळ विचारलेलं धाकटीला बरं वाटलं. ठरवलेलं काही नव्हतं. तिने सगळं सांगितलं, रविवार, लाल पेन, पाचाच्या आत, सगळं. बाई लिहायच्या थांबल्या. मग म्हणाल्या की हा कागद ताप बघण्यापुरता असतो, ताप आहे म्हणून मूल काढून घ्यायला नसतो, आणि जिथे जिथे तो वाटतात तिथे हे बजावून सांगतात. घरच्या कुणाला तरी बरोबर आणा, असंही त्या म्हणाल्या. धाकटी म्हणाली, आणण्यासारखं कुणी नाही. तेव्हा त्यांनी कधीही लावता येईल असा एक फोन क्रमांक दिला, विचार वाढला तर लगेच निघून या असं दोनदा सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्या तिने दुकानात, मोडक्या फ्रेमांच्या खणात ठेवल्या. दर मंगळवारी ती इस्पितळात जायची, घरी सांगायची की दुकानात माल आलाय. सुरुवातीला नुसती मळमळ झाली. डॉक्टरीणबाईंनी ते आधीच सांगितलं होतं, म्हणून ती टिकून राहिली. तो शेजारी येऊन उभा राहणारा विचार आधी लांब उभा राहू लागला, मग येईनासा झाला. एक दिवस तिला भूक लागली, अगदी पोटात खड्डा पडण्याइतकी, आणि ती भूक आहे हे ओळखायला तिला क्षणभर लागलं. एकदा एक बाई चष्मा डोक्यावर सरकवून तो दुकानभर शोधत होत्या, तेव्हा धाकटी इतकी हसली की मालक बाहेर येऊन बघायला लागला. तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी तिने डॉक्टरीणबाईंचा चष्मा मागून घेतला आणि पर्समधल्या बारक्या पेचकसाने काडी घट्ट करून दिली.

उदासी हटली त्या जागी राग येऊन बसला. तो मात्र दोन्ही वेळा चांगला जेवायचा.

रविवारी ती आता मुद्दाम खऱ्यापेक्षा थोडं जास्त लिहायची. नऊ, आठ, असं. घाई करायची नव्हती. आणि एका रविवारी, इस्पितळातल्या कागदावर दोनदा ओळीने चार आल्यानंतर, तिने घरच्या कागदावर चार लिहिले. मोठीने पेन उघडलं आणि त्याचे सात केले.

पुरुषमाणसं उठून गेली. भिंगरी आत झोपली होती. धाकटी जागची हलली नाही.

"ताई, एक विचारू? नंबर मोठा आला तर काय करायचं म्हणून शिबिरात सांगितलं होतं?"

मोठी टेबल पुसत होती. ती थांबली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आजवर लागलीच नव्हती.

"डॉक्टरकडे पाठवायचं."

"मग?"

"मग तू बरी झाली असतीस," मोठी म्हणाली.

तिने फडकं घडी करून ठेवलं. थोड्या वेळाने ती खालच्या आवाजात, जणू धाकटीला नव्हे तर फडक्याला सांगावं तशी म्हणाली की तुला अजून होतील, तुला काय, तू तर अजून लहान आहेस. धाकटीने कागद उचलून गठ्ठ्यावर ठेवला. मोठीला वाटलं असेल की तिला पटलं.

नवऱ्याला कंपनी वर्षभर विचारत होती, दुसऱ्या शहरात कायमचं येतोस का म्हणून. वहिनीला आवडणार नाही, एवढ्याच कारणाने तो नाही म्हणत आला होता. धाकटीने त्याला गोळ्यांचं पाकीट दाखवलं आणि महिनोन्‌महिन्यांचं सगळं सांगितलं, आवाज न चढवता. तो खाटेवर बसला. 

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नंबर विचारायचास," ती म्हणाली.

वहिनीने मला वाढवलंय, हे तो दोनदा म्हणाला. धाकटी म्हणाली की तुला वाढवून झालं ना, आता त्यांचं काम संपलं. मी आणि भिंगरी पहिल्या तारखेला त्या शहरात जातोय, तू आलास तर तीन तिकिटं काढीन. तो आला.

निघायच्या सकाळी मोठीने भिंगरीचे कपडे इस्त्री करून, घड्या घालून, प्रत्येक घडीत एकेक छोटी मोजेजोडी ठेवून दिली होती. गाडी दारात उभी होती. भिंगरीला कळलं तसं तिने मोठीच्या पदराला मिठी मारली आणि आई, आई करून आक्रोश मांडला. धाकटीने तिची बोटं एकेक करून सोडवली. मोठीने पापा घ्यायला तोंड पुढे केलं तेव्हा धाकटीने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"नको ताई. उगाच जास्त रडेल," ती म्हणाली आणि गाडीत बसली. दादा फाटकाशी उभे होते. ते कुणाकडे बघत नव्हते.

नव्या गावात पहिले काही आठवडे भिंगरी धाकटीकडे जात नव्हती. बापाकडे जायची, शेजारणीकडे जायची, दाराशी बसून राहायची. धाकटी तिच्याजवळ जमिनीवर बसायची, हात न लावता. तो काळ तिने काढला. मग एकदा भिंगरी तापात तिच्या कुशीत शिरली आणि उठली ती तिचीच होऊन. मोठीचा फोन रोज संध्याकाळी यायचा. भिंगरी झोपली आहे. भिंगरी खेळायला गेली आहे. भिंगरी आत्ताच जेवायला बसली. काही दिवसांनी फोन आठवड्याने यायला लागला, मग त्याहून लांबला. नवरा आपल्या कामावरून, बाहेरून वहिनीला फोन करायचा. धाकटीने त्याला कधी अडवलं नाही आणि काय बोललास असं विचारलंही नाही.

वर्षभराने दादा निवृत्त झाले, म्हणून ती तिघं दोन दिवसांसाठी गेली. दार मोठीनेच उघडलं, आणि धाकटीला ओळख पटायला वेळ लागला. गळ्याची हाडं वर आली होती. ब्लाउज खांद्यावरून घसरत होता. बोलताना वाक्य अर्ध्यावर सुटायचं आणि तिला ते परत सापडायचं नाही. शाळा तिने सोडली होती. वर्गात उभी राहिली की काय शिकवायचं ते आठवत नसे, दादा म्हणाले. खालच्या खोलीत कठड्याची खाट तशीच होती, स्वच्छ चादर घातलेली. भिंगरी त्या खोलीत डोकावली आणि बाहेर पळाली. मोठीने तिला जवळ बोलावलं नाही, ती नुसती लांबून बघत राहिली, आणि मधेच उठून आत जाऊन पडली. भर दुपारी.

धाकटीला कुठल्याही कागदाची गरज नव्हती. चार माणसांच्या जेवणापुरत्या वेळात तिने सगळं पाहून घेतलं.

दादा स्वयंपाकघरात तिच्या मागे आले. पंचवीस-तीस वर्षं नोकरी केलेला माणूस, पण शब्द जुळवताना चाचपडत होता.

"तू इथे एका डॉक्टरीणबाईंकडे जायचीस, असं हा म्हणाला मला. हिला दाखवावं म्हणतो. रात्र रात्र बसून असते. परवा म्हणाली, मी नसले तरी तुमचं अडणार नाही. कोण त्या बाई? कुठे बसतात?"

धाकटीला सगळं पाठ होतं. दुसरा मजला, डावीकडचं शेवटचं दार, दर मंगळवारी, आधी नाव नोंदवावं लागत नाही. फोन क्रमांकही तोंडपाठ होता. तिने नळ बंद केला आणि हात पुसले.

"त्यांची बदली झाली बहुतेक, दादा. आणि आता नाव आठवत नाही."

दादांनी मान हलवली. ते आणखी थोडा वेळ दारात उभे राहिले, तिला काही आठवेल या आशेने असेल, मग गेले. परतीच्या गाडीत नवऱ्याने विचारलं की दादा काय म्हणत होता. धाकटी म्हणाली, काही नाही, नळ गळतोय म्हणत होते. तिने वाट पाहिली की आता मनाला काहीतरी लागेल, टोचेल. भिंगरी मांडीवर झोपली होती, बाहेर शेतं मागे पळत होती, आणि तिला गाढ झोप लागली.

दादांनीच मग विचारत विचारत एक डॉक्टर गाठला. तोवर आणखी एक हिवाळा गेला होता, आणि मधे एकदा मोठीला रातोरात इस्पितळात न्यावं लागलं होतं. ती वाचली. त्याबद्दल नवऱ्याने घरी येऊन फक्त एवढंच सांगितलं आणि दिवसभर जेवला नाही. औषधांनी मोठीला हळूहळू उतार पडला, पण पुरता नाही. शाळेत ती परत गेली नाही.

एका संध्याकाळी तिचा फोन आला. भिंगरी आता साडेचार वर्षांची होती आणि फोन उचलायचा हक्क तिचा होता. तिने तो उचलून, आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं.

"बाळा, मी मोठी आई बोलतेय."

"कोण मोठी आई?" भिंगरीने विचारलं. तिने फोनलाच विचारलं आणि मग आईकडे पाहिलं.

धाकटी काकडी चिरत होती. अगं, लहान असताना तू जिच्याजवळ झोपायचीस ती, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तिने सुरी थांबवली नाही.

 मग पलीकडून मोठी म्हणाली, "कुणी नाही गं. आईला दे."

धाकटीने हात धुतले, पुसले आणि फोन कानाला लावला. तिने तब्येतीची नीट चौकशी केली. झोप लागते का, जेवण जातं का, विचारलं. गोळ्या वेळच्या वेळी घ्या, बरं वाटतंय म्हणून आपल्या मनाने मधेच बंद करू नका, असं बजावलं. तिचा आवाज गोड होता, दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसा.

"बरं," मोठी प्रत्येक वाक्याला म्हणत गेली. "बरं. बरं."